आप्पांच्या निरोपाचा नारळ

चहा घ्या, तंवर सांगतो. शहापूरचे आप्पा आमच्या फुटबॉल टीमचे बॅक. आठवडाभर मागावर साड्या विणायचे आन् रविवारी अनवाणी पायानं कॅम्पातल्या गोऱ्या सोल्जरांना अडवायचे. बावीस वर्षं हेच! शेवटी कॅप्टन मला म्हणाला, "पंचेचाळिशी उलटली त्यांची. तूच जाऊन निरोपाचा नारळ देऊन ये."

गेलो. आप्पा मागाच्या खड्ड्यात कमरेपर्यंत उतरून बसलेले. मी नारळ पुढं केला. "आप्पा, पाय थकले असतील तुमचे. आता तरण्या पोरांना खेळू द्या."

आप्पांनी सूत इकडून तिकडं नेणारा हातातला धोटा थांबवला. "तू तरणा न्हवं? मग उतर खाली. वीतभर विणून दाव, नारळ घेतो."

वीतभर म्हंजे काय मोठंसं! उतरलो. पायाखालच्या फळ्या दाबायच्या, एक खाली, एक वर. चार बोटं विणून झाली न्हाईत तोवर पोटरीत असा गोळा आला, की मी बोंबललोच. आप्पांनी बगलंत हात घालून मला वर काढलं. शेजारी सुताच्या कांड्या भरत बसलेली त्यांची बायको, आमची आक्का, म्हणाली, "ह्यानं विणलेलं आता उकलत बसा!"

रविवारी मी लंगडत मैदानात पोचलो. आप्पांनी तोच नारळ गोलाच्या खांबापाशी फोडला आन् पयला तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"खा रं. तुझ्या जागी आज दुसरा घेतलाय."