मामंजींचं गिऱ्हाईक

मी मूळची श्रीगोंद्याकडची. लगीन होऊन हितं सोनईला आले तवा वस्तीमागं नुसता खडकाळ माळ हुता, आन् मी म्हायेरातनं पदराला सीताफळाच्या बिया बांधून आनल्या हुत्या, त्या टोचल्या त्या माळाला. थोरले दीर म्हनाले, खडकात काय उगवतंय. मला न्हाई म्हनाले, आमच्यात थोरला दीर धाकट्याच्या बायकूशी बोलत न्हाई, ते पडवीतल्या खांबाकडं बघून बोलत्यात आन् मी ऐकायचं. पर भांड्याचं खरकटं पानी घालून घालून जगवली झाडं, आन् लागली फळाला.

मंग दसऱ्याच्या म्होरं मी फाट्यावर लिंबाखाली पाटी घेऊन बसाया लागले. नगरच्या यष्ट्या, भिंगारच्या मिलटरीच्या ट्रका, समद्या थांबायच्या. दीर खांबाला म्हनाले, वावरवाल्या घरची सून रस्त्यावर बसून इकती, लोक काय म्हनतील. तवा आमच्या मालकांनी तोडगा काढला, संगं मामंजींना बसवलं, सासरा शेजारी असला म्हंजे इज्जत ऱ्हाती. इज्जत ऱ्हायली, फळं न्हाई ऱ्हायली.

काय सांगू तुमाला, त्या मानसाला भाव सांगताच येत न्हाई. गिऱ्हाईक वाकलं की आधी इचारनार, गाव कंचं तुमचं? मंग कुनाच्यातलं, मंग आजोळ कुठलं, भन कुठं दिली, आन् हिंडत हिंडत कुठंतरी सोयरीक निघतीच, न्हाई निघाली तर ह्ये काढत्यात. आन् सोयऱ्याकडनं पैशे कसं घ्यायचे? डोळं उघडलेली, पिकायला आलेली फळं निवडून निवडून त्याच्या पिशवीत. मी पानी आनाया गेले न् आले की अर्धी पाटी रिकामी, आन् मामंजी खुशीत, सूनबाई, आपला पाव्हना भेटला की. एकदा वैतागून म्हनले, आजपासनं कुनाला गाव इचारायचं न्हाई. तर दिसभर तोंड पाडून बसले, आन् त्ये तोंड बघून गिऱ्हाईक बी थांबंना. सांजच्याला मीच म्हनले, इचारा बाबा, इचारा.

घरात काय यीना म्हनल्यावर दिरांना बोलायला रान मोकळं. म्हनाले, झाडं यापाऱ्याला ठोक दिऊन टाकू. ठोक म्हंजे समदी फळं त्याची, मी पानाला बी हात लावायचा न्हाई. मालकांना म्हनले, तुमी तरी बोला, तर मालक म्हनाले, दादाच्या म्होरं मी काय बोलू. आसलं आमचं मानूस.

दिरांनी भिंगारचा यापारी आनला. झाडं बघून पडवीत बसले, च्या झाला, भाव बी ठरत आला, मी दाराआड पदराचा बोळा तोंडात धरून हुबी. तेवढ्यात मामंजी काठी टेकत आले न् बसले त्याच्या शेजारी. गाव कंचं? भिंगार. आन् आजोळ? त्यो म्हनाला, आजोळ हितलंच की, माजी आई सोनईची लेक. झालं. मामंजींनी त्याच्या पाठीवरनं हात फिरवला. म्हनाले, आरं, मंग तू तर गावाचा भाचा. भाच्याला द्यायचं आसतं, त्याच्याकडनं घ्यायचं नसतं. ने झाडं. फुकट ने.

यापारी म्हनतोय, बरं मामा. दिरांचं तोंड उतरलं. बापाचा शब्द मोडता यीना, झाडं तर चालली. आन् मंग, लगीन होऊन आल्यापासनं कदी न्हाई ते, खांबाकडं न बघता दिरांनी दाराकडं, माज्याकडं बघितलं न् म्हनाले, अगं, सांग की ह्यांला, झाडं तुजी हायेत म्हनून.

मी भाईर आले. म्हनले, व्हय, माजी हायेत. मी देत न्हाई.

मामंजी म्हनाले, सुनेची हायेत तर माजा इलाज न्हाई. भाचा पिशवी भरून फळं तेवढी घिऊन गेला.

आवंदा पावसानं डोळं वटारलेत, फळ मुठीएवढंच धरलंय. दीर पुन्यांदा खांबाशी बोलत्यात, पर ठोकचा शब्द काढत न्हाईत. आन् मामंजी बघा, बसलेत तिथं, हायेत तसंच. मी इटले आता सांगून सांगून. तुमी मघाशी त्यांना तुमचं आजोळ सांगितलं न्हवं? कशाला सांगितलं? आता करा पिशवी म्होरं, आन् पैशे खिशातच ऱ्हाऊ द्या, म्हातारं रुसतंय. ही घ्या, डोळं उघडलेली. उद्याच खावा, सुखानं खावा.