सावली कमी न करता फांद्या छाटाव्यात

...अन् वर मलाच विचारतात, "शरयूबाई, तुमच्या ह्यांनी झाडाचं असं का हो केलं?" ह्यांनी केलं? ह्यांनी! अहो, जो माणूस चहात पडलेली मुंगी बोटानं काढून, पुसून, भिंतीवर सोडून येतो, तो कडूलिंबावर कुऱ्हाड घालंल? पण न्हाई! झाड सगळ्यांचं, अन् जबाबदारी आमच्या ह्यांची!

तुम्हाला सांगते, नवीन जालन्यात स्टेशनापलीकडं आमच्या सोसायटीची नऊ घरं. पोलीस ॲक्शनला आठ-नऊ वर्षं झाली असतील, तेव्हा घेतली जागा. नुसता माळ हो! बोराटीसुद्धा धड न्हाई. मधोमध तेवढा एक कडूलिंब, दोघांच्या कवेत मावणार न्हाई असा. चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले, अन् ह्यांना निघाला कोपऱ्यावरचा, दोन्हीकडून रस्ता, लोकांच्या डोळ्यात भरावा असा. तर ह्यांनी काय केलं? बदलून घेतला! नाल्याकाठचा घेतला! का, तर दुपार कलली की लिंबाची सावली बराबर तिथं पडते. म्हणे, "शरयू, स्वयंपाकघर तिकडंच काढू, चुलीपुढं तुला ऊन न्हाई लागायचं." लग्नाला अकरा वर्षं झाल्ती, त्यात तेवढं एकच वाक्य असं बोलले... आता काय म्हणणार? सोसले नाल्याचे डास.

मंग एका चैत्रात सोसायटीची बैठक भरली. कुठं? लिंबाखालीच! सावलीत सतरंजी टाकून, झाडाला टेकून, झाडाचीच तक्रार! आमचे चेअरमन काकासाहेब, घसा खाकरल्याबिगर ज्यांना नमस्कारसुद्धा करता येत न्हाई, ते म्हणतात, "अहॅम्... ही फांदी माझ्या छपरावर आली आहे. पडली तर? अहॅम्... जबाबदार कोण?" शेजारच्या दुर्गाबाईंना ऊन पायजे. "माझ्या कुरडया वाळत न्हाईत मेल्या! तिसऱ्या दिवशी वास मारतात!" अन् गजानन मास्तरांना दुपारची बाज टाकायला सावली पायजे, "पानालासुद्धा हात लावाल तर बघा!" दोन तास! दोन तास भांडून ठराव काय झाला? ऐका. 'झाडाच्या फांद्या छाटाव्यात, परंतु सावली कमी होऊ देऊ नये.' एकमतानं! हात वर! अन् हे काम कोणाकडं? "वामनरावांचं अक्षर चांगलं आहे," काकासाहेब म्हणाले, "त्यांच्याकडं द्या." अहो, आमचे हे कोर्टात कारकून, अक्षर चांगलं असणारच की! त्याचा अन् झाडाचा काय संबंध?

पण हे! "बघतो," म्हणाले. ह्यांना न्हाई म्हणताच येत न्हाई. आईनं शिकवलंच न्हाई बिचाऱ्यांना.

बदनापूरहून पुंजाराम लाकूडतोड्याला बोलावला. सकाळच्या गाडीनं आल्ता. ह्यांनी ठराव वाचून दाखवला, तर तो डोकं खाजवून म्हणतो, "मालक, फांदी तोडायची अन् सावली ऱ्हाऊ द्यायची... म्हंजे कुऱ्हाडीनं का मंत्रानं?" मंग हे स्वतः शिडीवर चढले, काकासाहेबांच्या छपरावरल्या एकाच फांदीला चुन्याचं कडं काढलं, म्हणाले, "पुंजाराम, एवढी एक. बाकी झाडाला हात न्हाई." अन् टोपी घालून गेले कोर्टात. रजा मिळाली नव्हती ना!

फांदी पडली. तिथं थांबावं की न्हाई? पण दुर्गाबाई निघाल्या पदर खोचून. "अरे ए, ती दक्षिणेकडची काढ, ठरावात 'फांद्या' लिवलंय, 'फांदी' न्हाई!" काढली. मास्तर बाजेवरून उठले. आता वाटलं, हा माणूस तरी झाड वाचवंल. तर मान तिरपी करून म्हणतात कसे, "अरेरे, एका अंगाला भार आला की! पहिल्या वादळात घरावर येणार! तोल सांभाळ, तोल! तिकडच्या दोन काढ." दोन काढल्या. मंग इकडं भार. इकडच्या दोन. मंग तिकडं. मी अंगणातून ओरडून राह्यले, "अहो, ह्यांना येऊ द्या! ह्यांना येऊ द्या!" कोण ऐकतंय? पुंजारामाला म्हणलं, थांब रे बाबा. तर वरून म्हणतो, "बाई, इथं समदेच मालक. म्या कोनाला न्हाई म्हनू?"

सांजच्याला हे आले. रस्त्यावरूनच दिसलं असंल. एक खांब उभा होता... खांब! वर एक पान न्हाई. चार कावळे भिरभिरत होते, कुठं बसावं ते कळंना त्यांना. ह्यांनी डबा खाली ठेवला, टोपी काढली. ढिगातून वाट काढत त्या चुन्याच्या कड्याच्या फांदीपाशी गेले, कडं बोटानं चाचपलं. तेवढंच. काकासाहेब ओट्यावरून म्हणतात, "अहॅम्... वामनराव, जरा जास्तच छाटलंत." बघा! झाड सगळ्यांचं, अन् जबाबदारी आमच्या ह्यांची!

दुसऱ्या दिवशी रविवार. चार वाजता मी चुलीपुढं, अन् खिडकीतून ऊन सरळ तोंडावर. परात तापली, डोळ्यांपुढं काजवे. हे आले अन् खिडकीला पाठ लावून उभे राह्यले. मी म्हणलं, "बाजूला व्हा की, उजेड अडतो." म्हणाले, "ऊन अडवून राह्यलो." भाकरी होईस्तोवर तसेच उभे. मी मान वर केली न्हाई. काय बघणार? पण किती दिवस उभं राहणार हो माणूस? कोर्ट न्हाई का त्याला?

पुढची बैठक उन्हात. ज्याच्या त्याच्या डोक्यावर टॉवेल. ठराव, झाडांच्या कामात निष्काळजीपणा झाल्याबद्दल खेद. दुसरा ठराव, हे काम पुढंही वामनरावांकडंच राहावं. मास्तर म्हणाले, "अनुभव आहे त्यांना."

अन् आषाढात, वनमहोत्सवाची म्हणून, आमच्या दारात बैलगाडी उभी! काकासाहेबांनी परस्पर अर्ज केल्ता. चाळीस रोपं! शेळ्या मोकाट, पाऊस बेपत्ता, विहीर तळाला, अन् चाळीस! मी रडकुंडीलाच आले. म्हणलं, "अहो, एकदा, जन्मात एकदा तरी न्हाई म्हणा की त्यांना!"

ह्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, बादली उचलली. म्हणाले, "उद्या म्हणतो. आज रोपं सुकून राह्यलीत."

त्याला आता दोन वर्षं झाली. ह्यांचा तो उद्या काही उजाडला न्हाई.