टेंपोच्या काचेवरचं नाव

जयभीम. विहारात इतकी माणसं आणि इतकी शांतता मी कधी एकत्र पाहिली नव्हती. आयुष्यभर वर्गात बोलत आले, पण असं बोलायची ही पहिलीच वेळ. सांभाळून घ्या.

वसंतदादा गेले. आपल्या कुंभिवलीचे टेंपोवाले वसंतदादा. काल पोरांनी नाक्यावर प्रेमाने फ्लेक्स लावला, फोटोखाली लिहिलं, 'आपला जंबो'. शीतलने, त्यांच्या लेकीने, तो उतरवला. शीतल, तुझं काही चुकलं नाही. बापाच्या जाड अंगावरून हसणारी माणसं तू लहानपणापासून पाहिलीस. लग्नाच्या पंगतीतून दादा अर्धपोटी उठायचे आणि घरी येऊन जेवायचे. आपल्यामुळेच ना?

एकदा खालापूरहून मी त्यांच्या टेंपोत येत होते. म्हणाले, "बाई, तुमी इंग्रजी शिकवता. जंबो मंजे नक्की काय ओ?"

मी सांगितलं, आधी हा शब्द बोजड माणसाला चिडवायला वापरत. कुठून आला, खात्रीने कुणी सांगत नाही. मग आफ्रिकेतला एक हत्ती लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आला. त्याचं नाव जंबो. लोकांचा इतका लाडका झाला, की जे जे मोठं, त्याला लोक त्याचंच नाव देऊ लागले. विमानालासुद्धा. दादा, तो हत्ती मुलांना पाठीवर बसवून फिरवायचा.

दादांनी टेंपो हळू केला. मग विचारलं, "पोरं भ्यायची नाय त्याला?"

म्हटलं, नाही. बसायला मिळावं म्हणून हट्ट करायची.

"मग चालंल," म्हणाले.

डोंगरावरच्या वाडीतला आजारी माणूस झोळीतून खाली आणायचा, तेव्हा पुढचा खांदा कुणाचा असायचा? वाडीवरची मंडळी आज इथे बसलीत. त्यांना विचारा.

शीतल, मघाशी तू मला विचारलंस, बाबांनी हे नाव जन्मभर सोसलं का. सोसलं, बाळा. बरीच वर्षं सोसलं. पण टेंपोच्या काचेवर 'जंबो' लिहिलंय ना, तो पोरांचा चावटपणा नाही. ते दादांनी स्वतः रंगाऱ्याकडून लिहून घेतलं. स्पेलिंग मी सांगितलं. लिहून झाल्यावर दादा लांब जाऊन बघत उभे राहिले, आणि हसले.

फ्लेक्सवर काय लिहायचं ते तूच ठरव. पोरं तुझ्यासाठी थांबलीत.

आता आपण सगळे दादांसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू. शीतल, तू बस. ते गेल्यापासून तू उभीच आहेस.