मीठ जरासं कमी, पण ऊन छान

उघडा, उघडा, तीही खिडकी उघडा — आलाच आहात तर भिंतीसुद्धा पाडा हवं तर. नाही, म्हणजे एक बर्नर पेटत नाही म्हणून तुम्हाला बोलावलं, आणि तुम्ही पिशवी खाली टेकायच्या आत माझी चालती शेगडी बंद करून मोकळे! पातेलं बघितलंत का केवढं आहे ते? एकोणीस माणसं यायचीत एक वाजता. वर्षातून एकदा येतात, पण येतात ती वर्षाची उपाशी असल्यासारखी येतात. — काय? वास? हो, येतोय की. न यायला काय झालं? मगाचपासून येतोय. सकाळपासून येतोय म्हणा ना. — मग खिडक्या का नाही उघडल्या? अहो, गारठा आहे बाहेर, म्हणून नाही उघडल्या! आणि एवढं डोळे वटारून बघायला काय झालं? माझं नाक चांगलं धडधाकट आहे. या जिन्यात कोणाच्या घरी काय शिजतंय, कोणाचं करपतंय, हे मी दार न उघडता सांगायचे — सांगते. सांगते म्हणाले मी.

लावा, तुमचा तो साबणाचा फेस लावा नळीला. बुडबुडे आले? बरं, आले तर आले, बदला नळी. मला गॅसवर व्याख्यान नको, आज सणाचा दिवस आहे, व्याख्यान आत तयार होतंय. ऐकू येतेय ना ती गुणगुण? आमचे हे. प्रार्थनेची तालीम चाललीय. जेवणाआधी अकरा मिनिटं बोलतात — मी घड्याळ लावून मोजलंय, गेल्या वर्षी साडेबारा झाली होती — आणि तोवर कोणी पानाला हात लावायचा नाही. सूर्याचे आभार, पावसाचे आभार, मातीचे आभार. मेंढीचेसुद्धा आभार मानतात हो! आणि जी बाई सकाळी सहापासून उभी राहून ती मेंढी शिजवते, तिचं नाव एक्केचाळीस वर्षांत त्या यादीत लागलेलं नाही. मटण गार होतं, वर चरबीचा थर धरतो, आणि मग पहिला घास घेऊन म्हणतात, 'छान!' त्यांना मी उकडलेली चप्पल वाढली तरी 'छान' म्हणतील. श्रद्धाळू माणूस. अशा माणसाला वाढण्यात काय मजा, सांगा तुम्ही.

खरी जीभ नणंदेची. ती येते ना, ती जेवायला येत नाही, तपासणीला येते. पहिला घास तोंडात घ्यायचा, डोळे मिटायचे, आणि सगळं टेबल गप्प. मग मान हलली की पास. एक्केचाळीस वर्षं मी पास होतेय, आणि तेच तिला सलतंय. दोन वर्षांपासून नवीन टुमणं लावलंय — 'वहिनी, आता पुरे झालं, पुढच्या वर्षी माझ्याकडे करू, किंवा बाहेरून मागवू, तू आराम कर.' आराम! मला माहितेय तो आराम. एकदा का आराम करायला खुर्चीत बसवलं, की मग कोपऱ्यातल्या कुंडीला घालतात तसं वेळच्या वेळी पाणी घालतात. स्वयंपाकघरात गेलं की 'तुम्ही कशाला उठलात?' माझ्या सासूबाईंना मीच केला होता तो आराम. मला ठाऊक नसेल तर कोणाला असेल?

आणि दुसरी गोष्ट, या घरात टेबलावर मीठ ठेवत नाहीत. सासूबाईंचा नियम. मीठ घालायचं ते एकाच हातानं, एकदाच, पातेल्यात. वरून मीठ मागणं म्हणजे स्वयंपाक करणारीच्या थोबाडीत मारणं. आमच्या नणंदेच्या नवऱ्यानं लग्न झाल्याझाल्या एकदा मागितलं होतं — बस, आजतागायत त्याला 'मीठवाले' म्हणतात. म्हातारा झाला बिचारा. — नाही, मी हसत नाहीये. तुम्हीही हसू नका, नळी नीट बसवा.

ते काय बघताय? फ्रिजवर? ते आमच्या सूनबाईंचं साहित्य. रोज सकाळी एक चिठ्ठी. 'आजचा आनंद.' कुठल्या तरी बाईचं भाषण ऐकून आली, आठ महिने झाले, म्हणे रोजच्या साध्या गोष्टींत आनंद शोधायचा आणि लिहून ठेवायचा. मी म्हटलं, हरवलाय का तुझा, शोधायला? वाचा की, लाजू नका, सगळ्या जगासाठीच लावल्यात. 'आजचा आनंद : कालचा रस्सा. मीठ जरासं कमी, पण ऊन छान होतं.' रश्श्याचा उन्हाशी काय संबंध? ही बघा — 'भात सुरेख, मीठ अगदी बेताचं.' ही — 'दूध नासल्याचं वेळेत कळलं, मुलांना दिलं नाही.' हा आनंद! दूध नासल्याचा आनंद! आणि ही — 'कांदा आज थोडा पुढे गेला, पण खरपूस लागला.' करपला म्हणायची हिंमत नाही. अख्ख्या जगात हिला आनंदाला मीठ, दूध आणि कांद्याशिवाय काही मिळत नाही. भोळी आहे हो. इतकी भोळी, की माझ्या कामाचं नकळत लिहून बसते आणि तिला पत्ताही नसतो. आज 'जरासं कमी' लिहिलं, की उद्या मी अर्धा चमचा — म्हणजे, अंदाजानं. अंदाजानंच घालते मी.

अहो तो डबा कशाला ओढताय? नळी शेगडीला आहे, पिठाला नाही! — सांडलं. सांडलं ना? राहू द्या, राहू द्या, हात नका घालू — कसले चमचे? पिठात चमचे? असतील. मापाचे असतील. सूनबाईचे असतील, तिला लागतात, तिला पाणी उकळायलासुद्धा पुस्तक लागतं. पाव चमचा, अर्धा चमचा, सपाट चमचा, डोंगराएवढा चमचा — मी काय हसलेय त्या चमच्यांना, सगळ्यांसमोर हसलेय, गेल्या सणाला नणंद आणि मी दोघी मिळून हसलोय. — माझ्या पिठात का? बरोबर आहे, तिच्या पिठात असायला हवेत. तुम्ही गॅसवाले आहात की पोलीस?

बरं. पुसा हात. बसा त्या स्टुलावर. बसा म्हणते. एवीतेवी तुम्ही उठून जाल आणि पुढच्या घरी कोणाची तरी शेगडी उघडाल, तुम्हाला सांगितलं काय आणि भिंतीला सांगितलं काय.

मला वास येत नाही. आला नाही आज, कालही आला नाही. आठ महिने. चवही नाही. गरम कळतं, गार कळतं, मऊ कळतं, तिखटानं नाक वाहतं — बाकी सगळं तोंडात कागद. तापात गेलं. घरात दोघांना ताप होता, ह्यांना आणि मला, आणि ह्यांचा काही उतरेना. छाती अशी वाजायची, शेजारच्या खोलीत ऐकू यायची. डॉक्टर म्हणाले, बघू. डॉक्टर 'बघू' म्हणाले की काय ते आपल्याला कळतं. आणि मी — मी प्रार्थना वगैरे करणारी बाई नाही, अकरा मिनिटं ऐकण्यातच माझा कोटा संपतो — पण त्या दुपारी मी इथे, या ओट्याला धरून उभी राहिले आणि म्हटलं, ह्यांना ठेव, माझं काय हवं ते ने. वेंधळी कुठली! सौदा करताना माणूस नीट बोलतो ना? 'काय हवं ते' म्हणतं का कोणी? केस न्यायचे होते, दात न्यायचे होते, गुडघे तर मी पायघड्या घालून दिले असते. तर नेमका जिभेवर हात घातला. हे चार दिवसांनी उठून बसले, म्हणाले भूक लागली, मी कांदा परतायला घेतला — आणि काही नाही. कांदा तांबूस होतोय डोळ्यांना दिसतंय, आणि नाकात काहीच नाही. मला वाटलं कांदाच खराब आहे. दुसरा चिरला. मग तिसरा. तीन कांदे चिरले आणि खाली बसले.

तेव्हापासून मी देवाशी बोलत नाही. सौदा पाळला त्यानं, नाही म्हणत नाही मी, ते बघा आत गुणगुणताहेत ठणठणीत — पण म्हणून बोललंच पाहिजे असं नाही. आणि ह्यांना सांगितलेलं नाही. सांगून काय, आणखी दोन मिनिटं वाढवतील आभारात. आता गंमत सांगू? मला कधी आनंदबिनंद वाटायचा नाही स्वयंपाकात. कटकटच वाटायची. सकाळी दहाला कांदा तव्यावर पडायचा, घरभर वास सुटायचा, आणि मी करवादत असायचे, की याला हे लागतं नि त्याला ते लागतं. रोज, एक्केचाळीस वर्षं. तोच होता म्हणे आनंद. आधी सांगायचं ना कोणीतरी.

तर आता ऐका, तुम्हाला का बसवलंय ते. त्या पातेल्यात तीन सपाट चमचे मीठ पडायला हवं. माझं ठरलेलं आहे, एवढ्या मटणाला तीन. मी चमचा काढला, एवढ्यात फोन वाजला. नणंद. 'वहिनी, मी घरून काही करून आणू का, तुला झेपेल ना?' झेपेल ना! माझं डोकं असं फिरलं, की तिला चार शब्द सुनावले, फोन ठेवला, परत आले — आणि आठवेना. घातलं की नाही? चमचा ओला होता. पण तो हातानंही ओला होईल. आता पुन्हा घालावं तर सहा होतील आणि न घालावं तर — दीड तास झाला मी त्या पातेल्याकडे बघतेय. एकोणीस माणसं, टेबलावर मीठ नाही, आणि समोर ती, डोळे मिटून. घ्या ही पळी. घ्या हो! — प्रार्थनेआधी कसं? अहो, तुम्ही कुठे आमच्या घरातले, तुम्हाला तो ताप आला नाही, जिभेला चव कळते, म्हणजे झालं. फुंकून घ्या. घ्या. आता तोंड वाकडं करू नका, सरळ सांगा. खोटं बोलाल तर मला डोळ्यांत कळतं, डोळे अजून शाबूत आहेत.

— अळणी?

अजिबात नाही? एक दाणासुद्धा? पुन्हा बघा, तळातून घ्या. — बरं. बरं झालं. म्हणजे बरं नाही, पण बरं झालं. आता तीन घालते, पाच मिनिटं उकळी देते, आणि तुम्ही पाणी प्या, काही झालंच नाही. वर त्या नळीचं कोणी विचारलं तर म्हणायचं, बाईंनीच वास ओळखला. बाईंनीच सांगितलं गळतीचं. म्हणाल ना? — का नाही? खोटं कुठलं त्यात, एवढंसं तर — काय? कोणी सांगितलं म्हणालात?

सूनबाईनं? फोन तिनं केला हे माहितेय मला, मीच सांगितलं होतं तिला बर्नरचं. पण पुढे काय म्हणाली? पुन्हा सांगा. जसंच्या तसं सांगा. — 'आधी गळती बघा. आमच्या आईंना वास येत नाही. पण त्यांना तसं जाणवू देऊ नका, त्या कोणाला कळू देत नाहीत.'

असं म्हणाली.

आणि तुम्ही मघापासून गप्प. 'वास येतोय ना?' म्हणून विचारता, आणि मी 'हो' म्हणते, आणि तुम्ही मान हलवता! चांगले आहात की दोघंही.

थांबा, बोलू नका. जरा सरका, ते फ्रिजकडचं — 'मीठ जरासं कमी.' 'मीठ अगदी बेताचं.' 'आज कणभर जास्त, पण मुलांनी दोनदा घेतलं.' 'दूध नासल्याचं वेळेत कळलं.' — माझ्यासाठी लिहिलंय हे. मला कळावं म्हणून. आठ महिने! एक दिवस चुकली नाही मूर्ख मुलगी. आणि मी सगळ्यांना वाचून दाखवायचे हो, आल्यागेल्याला, आवाज काढून. ती इथेच असायची, भांडी पुसत. हसायची. मला वाटायचं, हिला कळतच नाही मी कशाला हसतेय. भोळी म्हणायचे मी तिला. मघाशी तुमच्यासमोर म्हटलं ना?

मला रडूबिडू येत नाहीये, खिडक्या उघड्यात म्हणून. वाऱ्यानं येतं पाणी.

जिन्यात पोरांचा आवाज येतोय ना? पाव आणायला गेली होती मुलांना घेऊन, तीच ती. तुमची पेन्सिल द्या इकडे, कानावरची. आणि ती कोरी चिठ्ठी, तिथली — आजची लिहायची राहिलीय तिची, सकाळपासून खुर्च्या उचलतेय. काय लिहिणार म्हणजे? आनंद लिहिणार, दुसरं काय लिहितात यावर? — 'पातेलं अळणी आहे. मीठ तू घाल.' बस. वळणदार आलं का? राहू दे, वाचता आलं म्हणजे झालं. लावा तिथे, मधोमध, तिला आत आल्या आल्या दिसेल असं. आणि ते चमचे धुऊन ओट्यावर ठेवा. वर, सगळ्यांना दिसतील असे. नणंदेला दिसले तर दिसू देत, तिला म्हणावं, डोळे उघडून जेव.

झालं तुमचं? मग उठा आता. भरा ती पिशवी, पेन्सिल घ्या, जिन्यात तिला काही बोलायचं नाही, मान खाली घालून निघायचं. आणि दार ओढू नका. उघडंच राहू दे. वास जायला हवा, तुम्हीच म्हणालात.