टाकी फुल्ल

हसू नका, पण विमान उडवताना मी देवाचा धावा केलेला हाय, अन् तेही दोन्ही पाय जमिनीवर असताना.

शेजारचे बिरादार सर छोटी इंजिनवाली विमानं उडवतात. विमान दोन तारांना बांधलेलं, तारांची मूठ आपल्या हातात. ते आपल्याभोवती गोल फिरतं, आपण त्याच्यासंगं. औसा रोडच्या एका मोकळ्या रानात त्यांनी मूठ माझ्या हातात दिली. "काही झालं तरी सोडू नको. सुटलं तर कुणाचं तरी डोकं फुटंल."

दहा चकरांतच मला गरगरायला लागलं. मी ओरडलो, "सर, बंद करा!"

"मधी बंद होत न्हाई ते. तेल संपलं की उतरतंय. थोडंच घाल म्हणलं होतं की!"

मला दरदरून घाम फुटला. गावाला निघताना मोटारसायकलीत भरतो, तसं मी काठोकाठ भरलं होतं.

"सर, टाकी फुल्ल केली मी!"

सर डोक्यावर हात धरून गपकन रानात पालथे पडले.

किती चकरा झाल्या, देव जाणे. शेवटी इंजिन थांबलं, विमान अलगद टेकलं, अन् मी धाडकन पडलो.

सर धावत आले. "उठ की आता, थांबलंय विमान."

मी ढेकळं घट्ट धरून म्हणलो, "विमान थांबलं हो सर. रान थांबलं की उठतो."