शालननं बोलणं सोडलं

मंडळी, ऐका. आज देवाचं नंतर, आधी एक सवाल. लेकराचं भलं करता करता लेकराचं वाटोळं होतं का? — आत्ताच मान हलवू नका पाटील, आख्यान संपल्यावर हलवा!

आपल्यासारखंच एक गाव. तिथं भागवत नावाचा दुधाच्या गाडीवरचा ड्रायव्हर. बायको शालन. पोटी एकच लेक, ईश्वरी. पोर गोड, पण वाचायला मंद. वर्गातली पोरं धडा वाचायची, ही अजून अक्षरांवरच अडलेली. गावात जिल्हा परिषदेची शाळा. पत्र्याला भोकं, पण साळवे बाई मायेच्या. पोरीला जवळ बसवायच्या, चिंचोके मांडून अक्षर गिरवून घ्यायच्या. शालनला म्हणाल्या, "पोर चांगली आहे तुमची. सावकाश जाते एवढंच. घाई करू नका."

पण घाई कोणाला नाही? भावकीतली पोरं टाय लावून पिवळ्या गाडीतनं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जायला लागली. भागवतला वाटलं, आपलीच पोर मागं का? घातली तिलाही तिथं! आता मला सांगा, जी पोर मराठीत अडखळते, ती इंग्रजीत काय पोहणार? बुडालीच बिचारी. पालकांच्या सभेत मॅडम म्हणाल्या, "घरी मराठी बोलता ना, म्हणून ही मागं पडते. घरात मराठी बंद करा."

भागवतला इंग्रजी शब्द येत होते किती? कम, गो आणि रिव्हर्स! — हसा टाळकरीबुवा, हसून घ्या. पुढं हसू यायचं नाही.

शालनला तर तेवढंही येत नव्हतं. मग तिनं काय करावं? भोळी माउली, तिनं पोरीशी बोलणंच सोडलं. ताट वाढायची, मुकाट. वेणी घालायची, मुकाट. पूर्वी वेणी पुरी व्हायची, पण आईची गोष्ट संपायची नाही. आता पोर "आई गं" म्हणाली, की ही ओठावर बोट ठेवायची. चुलीपुढं बसून पदरात तोंड खुपसून रडायची, पण शब्द काढला नाही. मी बोलले तर पोरीचं नुकसान होईल, हेच मनात. मंडळी, आईला लेकराशी बोलणं पाप वाटायला लागलं! कोणत्या पुराणात लिहिलंय हो हे?

आणि पोरीला कारण कोणी सांगितलंच नाही. सांगायचं तरी कोणत्या भाषेत?

एक दिवस शेजारच्या जिजाक्कानं तिला उंबऱ्यात बसलेली पाहिलं. "का गं बाय, अशी गप गप?" पोर म्हणाली, "मला वाचता येत नाही ना, म्हणून आई माझ्याशी बोलत नाही. मी पास झाले की बोलेल ना गं, जिजाक्का?"

जिजाक्का तशीच आत गेली, शालनला सगळं सांगितलं. शालन पिठाच्या हातानंच बाहेर धावली. पोरीला पोटाशी धरलं. "ईशू, माझं सोनं, अगं मी—"

त्या पोरीनं काय केलं? आईच्या तोंडावर आपला इवलासा हात ठेवला. हळूच म्हणाली, "नको बोलू आई. मी अजून पास नाही झाले."

मंडळी, पुढं भागवतनं पोरीला गावच्या शाळेत परत आणलं. आता ती वाचते. शालन दिवसभर तिच्याशी बोलते. पण पोर आजही काही विचारायच्या आधी आईच्या तोंडाकडं बघते, विचारू का नको म्हणून. ते बघणं काही गेलं नाही.

तुम्ही सरकारी शाळेत घाला नाहीतर खाजगी, तो तुमचा विचार. पण आज घरी गेलात की लेकराला मार्क विचारू नका. जवळ घ्या आणि एवढंच विचारा, "बाळा, मी तुझ्याशी नीट बोलतो का रे?" मग गप्प बसा. लेकरानं उत्तराआधी तुमच्या तोंडाकडं बघितलं, तर समजा, ईश्वरी तुमच्याच घरात आहे.