धडधाकट पोरांची टंचाई

…आणि वर मलाच म्हणतात, आबा, साधी तीस पोरं जमत नाहीत तुम्हाला? साधी! तुम्हाला सांगतो, आजारी मागा, तीनशे देतो. आमच्या गडबच्या नाक्यावर ‘डॉक्टर आलाय’ एवढं म्हणा, खोकणाऱ्यांची रांग पार पेणच्या रामवाडीला टेकेल. पण धडधाकट पोर? धडधाकट पोर मिळत नाय हो या तालुक्यात!

झालं काय, माझी नात स्वप्नाली, रोह्याला दिलेल्या लेकीची, सात वर्षांची. तिकडच्या एका डॉक्टरानं तिच्या छातीवर सोनोग्राफीचं मशीन फिरवलं, जाडं पुस्तक उघडलं नि म्हणाला, आकडा बसत नाय, हृदय कमी दाबतंय. तेव्हापासून लेक तिला पळू देत नाय. पोर ओटीवर बसून दुसऱ्यांची लंगडी बघते. बघवत नाय मला…

म्हणून गेलो रेचलकडे. रेचल रोहेकर, पेणच्या बेंजामिनशेटची मुलगी. भाऊबंद सगळे इस्रायलला गेले, ही मुंबईत डॉक्टरीण झाली, त्या आठवड्यात पेणच्या दवाखान्यात मशीन घेऊन आलेली. ती म्हणाली, “आबा, त्या पुस्तकातले आकडे परदेशी पोरांचे. आपल्या पोरांचं हृदय किती दाबतं, किती सैल पडतं, इथं मोजलंय कुणी? आधी तीस धडधाकट पोरं मोजते, मग स्वप्नालीचा आकडा त्यांच्या शेजारी ठेवते. पण शुक्रवारी उन्हं कलायच्या आत. सूर्य मावळला की आमचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस लागतो, त्याआधी मला घरी पोचायचंय नि मशीन मुंबईला जायचंय.”

मी म्हटलं, तीस? तीस तर माझ्या पेरूवरच असतात!

मिनीडोर रिक्षा भरभरून आणली की हो पेणला. पहिली गिरजाबाई, दत्ताला घेऊन. दत्ता बसला की मिनीडोर एका अंगाला कलते. रेचलनं कागद काढून विचारलं, “याला काही आजार?” संपलं!

“कसलं गो बाय, खातच नाय.” दत्ताच्या हातात तिसरा वडा. “रातभर कण्हतो. अंगी म्हणून लागत नाय.”

का? तर पोर बरं हाय म्हटलं की नजर लागते! रेचलनं मारली काट. मग गोदूबाई, “माझ्या नथूची हाडं मोजून घ्या.” काट. मग पुतळी, “जगतंय आपलं.” काट. अगो बायांनो, खरं सांगा, माझ्या नातीचा जीव टांगणीला लागलाय! तर म्हणतात, “तुमच्यावर कोण भरवसा ठेवील, आबा?” आता मी एकदा शिमग्याला गावात सोडली होती बातमी, की कंपनीत डावखुऱ्यांना आधी घेणार. अर्धं गाव आठ दिवस डाव्या हातानं जेवलं. त्याचा राग अजून हाय.

शुक्रवारी दुपारचा एक वाजला. पोरं किती? नऊ. लेक भिंतीशी बसलेली, स्वप्नाली मांडीवर. सात वर्षांची पोर मांडीवर हो! ती मला विचारते, “आबा, मी धडधाकट हाय का?” मी बाहेर येऊन नळाखाली डोकं धरलं.

नि तिथं नळावर गिरजाबाई. सहज म्हटलं, “तुझा दत्ता आजारी, कळलं. पण गोदूबाईच्या नथूला काय झालंय गो?”

“त्याला काय धाड भरलीय? दगड पचवतो. रेडा हाय नुसता!”

तसाच आत पळालो. “रेचल, आईला तिच्या पोराचं विचारूच नको. शेजारणीच्या पोराचं विचार!”

तुम्हाला सांगतो, तोंडाला बांध राहिला नाय. गोदूबाई पुतळीच्या पोराबद्दल, पुतळी दत्ताबद्दल. कुणाला साधी सर्दी म्हणून नाय! रेचल हसत होती नि प्रत्येकाला पुन्हा नीट तपासून घेत होती. चार वाजता तिसावं पोर मशीनखालून उठलं. मग स्वप्नाली. पडद्याकडे बघत रेचलनं आकडा दोनदा मोजला, कागदावरच्या तिसांशेजारी लिहिला. मी आपला तिच्या पाठीकडे बघतोय…

“आबा, तिसांच्या अगदी मधोमध बसते. काही झालेलं नाही हिला.”

लेकीनं स्वप्नालीचा हात सोडला. पोरीनं व्हरांडाभर लंगडी घातली नि लेक भिंतीकडे तोंड करून रडली.

इथं संपायला नको का? पण तिकडे बायांना कळलं, कोण कुणाच्या पोराला बरं म्हणालं. दोन दिवस भांडल्या, तिसऱ्या दिवशी एक झाल्या. ठरलं काय, तर नजर आबानं बोलवून घेतली, आबानंच उतरवायची. आता गडबात पोर शिंकलं की आई मीठ-मिरच्या घेऊन माझ्या दारात. आज सकाळपासून अकरा पोरांवरून ओवाळून चुलीत टाकल्या. घरभर ठसका! त्यानं सुट्टीला आलेली माझी धडधाकट नात खोकायला लागली… आणि बघा, बाराव्या नंबरला मीठ घेऊन माझीच लेक उभी.